कच्चा आहार आणि पक्का निर्धार



निर्धार हा शब्द आपल्या सभांतून वारंवार ऐकू येतो. 'व्यसन सोडू', 'मुलांना पदवीपर्यंत शिकवू', 'रोज एक तास वाचन करू' असे ठराव होतात, टाळ्या वाजतात आणि पंधरा दिवसांत सारे विसरले जाते. ठराव करणारी माणसे खोटी असतात असे नाही. कळते, पण वळत नाही, एवढेच. कारण निर्धार भाषणाने अंगी येत नाही, तो सरावाने येतो. सरावासाठी एखादे लहान काम हाताशी लागते. ते रोज करता आले पाहिजे, खिशाला परवडले पाहिजे आणि केले की नाही हे रात्री स्वतःला तपासता आले पाहिजे.

असे काम आपल्या ताटातच आहे असे आम्हाला वाटते. दोन्ही वेळच्या जेवणात एक वाटी कच्चे अन्न खाणे आणि त्या नेमाला आपल्या आयुष्यातील एका ध्येयाची जोड देणे, हा या पाठाचा विषय आहे. आम्ही वैद्य नाही. बँकेत लेखनिकाचे काम करणारे, कला शाखेचे पदवीधर आहोत. म्हणून आहाराविषयी येथे जे मांडले आहे ते सर्वमान्य झालेल्या गोष्टींपुरतेच ठेवले आहे.

१. कच्चा आहार म्हणजे काय?

न शिजवता, न तळता, न भाजता खाल्ले जाणारे अन्न म्हणजे कच्चा आहार. फळे, काकडी, गाजर, मुळा, कांदा, टोमॅटो, बीट, कोबी, कोथिंबीर, मोड आलेले मूग, भिजवलेले शेंगदाणे ही त्याची रोजची उदाहरणे. काही लोक केवळ कच्चे अन्नच खातात. त्यास पूर्ण कच्चा आहार म्हणता येईल. युरोपात या विचाराला बळ दिले ते स्वित्झर्लंडचे डॉ. माक्स बिर्खर-बेन्नर यांनी. १९०४ मध्ये त्यांनी झुरिक येथे आरोग्यधाम उघडले आणि रुग्णांना किसलेले कच्चे सफरचंद, भिजवलेले ओट, लिंबाचा रस व सुकामेवा असा आहार दिला. आज डब्यातून विकली जाणारी 'म्यूस्ली' ती हीच. आपल्याकडे निसर्गोपचाराच्या केंद्रांतून असाच आहार सुचविला जातो.

परंतु कच्चे खाणे आपल्याला परदेशातून शिकावे लागलेले नाही. भाकरीबरोबर मुठीने फोडलेला कांदा, मेथीचा घोळाणा, काकडीची कोशिंबीर, शेताच्या बांधावरची बोरे, करवंदे, चिंचेचा कोवळा पाला हे सारे आपल्या आजीच्या पिढीचे अन्न. आमच्या अभ्यासवर्गात हा विषय प्रथम निघाला तेव्हा मागे बसलेल्या एका वृद्ध मावशींनी विचारले, "भाऊ, कच्चं खाऊन काय व्हतं? बहात्तरच्या दुष्काळात आमी पाला खाऊनच दिवस काढले. तवा कुणी त्याला आहार म्हणत नव्हतं."

मावशींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भाकरी नाही म्हणून पाला खाणे ही लाचारी. भाकरी असताना, विचार करून, तिच्या शेजारी वाटीभर कच्ची भाजी ठेवणे ही निवड. पदार्थ तोच असला तरी खाणारा माणूस बदललेला असतो. आपल्या समाजाच्या पहिल्या कित्येक पिढ्यांना अन्नाची निवड करण्याचा अधिकारच नव्हता. ज्यांना तो आता मिळाला आहे त्यांनी तो वापरला पाहिजे. केवळ वडापाव, फरसाण आणि थंड पेयांच्या बाटल्या यांवर तो खर्च करणे हा त्या अधिकाराचा उपयोग नव्हे.

२. अन्नाचा निर्धार हा आपला वारसा

ताटातील बदल आयुष्यात काय बदल घडवू शकतो याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी सर्वांना माहीत आहे. पण त्याच परिषदेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि दारोदार मिळणारे शिळे-उष्टे तुकडे सोडण्याचे आवाहन केले होते, हे तितकेसे आठवले जात नाही.

या आवाहनाचा अर्थ नीट समजून घ्यावा. ज्यांच्या घरी दुसरे अन्न हमखास होते अशा लोकांना ते केलेले नव्हते. ज्यांच्या पोटाचा काही भाग त्या तुकड्यांवरच भरत होता त्यांना ते केले होते. तरीही गावोगावी लोकांनी ते मानले. मेलेली ढोरे ओढणे बंद केले म्हणून कित्येक ठिकाणी बहिष्कार सोसला, बलुते गमावले, उपाशी राहिले. पण एकदा सोडलेले अन्न पुन्हा ताटात घेतले नाही. या निर्धारामागे प्रथिने-जीवनसत्त्वांचा हिशेब नव्हता. मान हे ध्येय होते आणि ताट हे त्याचे साधन होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तोंडात काय जाते याचा आणि माणूस कसा घडतो याचा संबंध आपल्या चळवळीने पहिल्यापासून ओळखला होता.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी एवढा मोठा निर्धार पाळला, त्यांना एका वाटीचा नेम जड जाऊ नये.

३. तथागतांच्या जीवनातील तीन पाठ

पहिला पाठ उरुवेलेचा. सिद्धार्थ गौतमांनी सहा वर्षे कठोर तपश्चर्या केली. आहार कमी करत करत शरीर अस्थिपंजर झाले. त्यातून ज्ञान मिळाले नाही. तेव्हा त्यांनी तो मार्ग सोडला आणि सुजाताने दिलेली खीर ग्रहण केली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी एक बारीक तपशील दिला आहे. ध्यानाला बसण्यापूर्वी गौतमांनी चाळीस दिवस पुरेल इतके अन्न जमवून ठेवले होते. हा तपशील आम्हाला फार मोलाचा वाटतो. जगातील सर्वांत मोठा निर्धार उपाशी पोटी केलेला नाही, तयारी करून केलेला आहे. दहा पारमितांमध्ये अधिष्ठान म्हणजे दृढनिश्चय ही एक पारमिता सांगितली आहे, पण तिच्या आधी प्रज्ञा येते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा पाठ कोसलनरेश प्रसेनजिताचा. तो संयुत्तनिकायातील द्रोणपाक सुत्तात आला आहे. हा राजा द्रोणभर तांदळाचा भात खात असे आणि धापा टाकत तथागतांच्या भेटीस येत असे. तथागतांनी त्याला उपवास सांगितला नाही. जेवणात प्रमाण राखणाऱ्याचे दुःख कमी होते आणि आयुष्य टिकते, अशा आशयाची एक गाथा म्हटली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली, आपण जेवत असताना ती म्हणून दाखवण्याचे काम दिले आणि त्यासाठी रोज शंभर कार्षापण ठरवून दिले. पुढे राजाचा आहार टप्प्याटप्प्याने नाळीभर भातावर आला, शरीर हलके झाले. या कथेत निर्धाराची तीन अंगे आहेत. बदल हळूहळू झाला. तो नेमक्या वेळी, म्हणजे ताटावर बसल्यावर, आठवून दिला गेला. आणि आठवण देणारा दुसरा माणूस होता. राजालासुद्धा एकट्याच्या बळावर ते साधले नाही.

तिसरा पाठ देवदत्ताचा. भिक्खूंना मासे-मांस सक्तीने वर्ज्य करावे, ही देवदत्ताच्या पाच मागण्यांपैकी एक होती. तथागतांनी ती सक्ती मान्य केली नाही. यातून आपण काय घ्यावे? कच्चा आहार म्हणजे नवे सोवळे नव्हे. काकडी खाणारा पवित्र आणि बोंबील खाणारा हीन असा भेद ज्या दिवशी कोणाच्या मनात येईल, त्या दिवशी त्याने ती वाटी बाजूला ठेवलेली बरी. ताटावरून माणसाची किंमत ठरवण्याचे दुःख आपण पुरेसे भोगले आहे. ते आपल्या हातून दुसऱ्याला होऊ नये.

४. कच्च्या अन्नात काय आहे?

१७४७ साली 'सॉल्सबरी' या इंग्रजी जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टरने एक प्रयोग केला. हिरड्यांतून रक्त येऊन खलाशी मरत. त्या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. लिंडने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले ती काही दिवसांतच सुधारली. पण पुढे रस टिकावा म्हणून लिंडने तो आटवून ठेवण्याची शिफारस केली. उष्णतेने त्यातील गुणच बराचसा गेला. इंग्लंडच्या आरमाराने लिंबाचा रस नियमाने देणे सुरू केले ते १७९५ मध्ये. पुढे हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी आपल्या गावाकडच्या लाल पाप्रिका मिरचीतून हा गुण असलेला पदार्थ मोठ्या प्रमाणात वेगळा काढला. तोच 'क' जीवनसत्त्व. त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या इतिहासात कच्च्या आहाराचे मर्म आहे. 'क' जीवनसत्त्व आणि फोलेट ही दोन जीवनसत्त्वे उष्णतेने कमी होतात, तसेच भाजी उकळून पाणी फेकून दिले की त्या पाण्याबरोबर जातात. म्हणून लिंबू उकळत्या वरणात न पिळता ताटात वाढल्यावर पिळावे. भाजी चिरल्यावर धुण्यापेक्षा धुऊन मग चिरावी आणि चिरून फार वेळ ठेवू नये. आवळा आणि पेरू ही स्वस्त फळे 'क' जीवनसत्त्वाच्या बाबतीत महागड्या परदेशी फळांना सहज मागे टाकतात.

'क' जीवनसत्त्वाचा आणखी एक मोठा उपयोग आहे. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास ते मदत करते. याउलट जेवणाबरोबर घेतलेला चहा त्या लोहाला अडवतो. मोड आणल्याने कडधान्यात 'क' जीवनसत्त्व वाढते आणि लोह अडवणारे फायटिक आम्ल कमी होते. कच्च्या भाज्यांतील चोथ्यामुळे पोट साफ राहते, घास सावकाश चावावा लागतो आणि थोडक्यात पोट भरल्याची जाणीव होते. दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बटाट्यासारखे कंद त्यात धरलेले नाहीत. आपल्यापैकी किती घरांत माणशी एवढी भाजी येते, हे ज्याने त्याने आपल्या पिशवीला विचारावे.

५. अति तेथे माती

कच्चे ते सारे चांगले आणि शिजवलेले ते सारे वाईट, असा प्रचार करणारे लोक भेटतात. तो खरा नाही. टोमॅटोतील लायकोपीन आणि गाजरातील कॅरोटीन ही द्रव्ये थोड्या तेलात शिजवल्यावर शरीरास अधिक मिळतात. कच्च्या राजम्यात असे विषारी द्रव्य असते की थोड्या दाण्यांनीही उलट्या होतात. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, चांगला उकळूनच खावा. अळू आणि सुरण कच्चे खाल्ले तर घशाला खाज का येते, हे आपल्या घरातील कोणतीही आजी सांगेल.

जर्मनीतील गिसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये पाचशेहून अधिक कच्चा आहार घेणाऱ्या स्त्री-पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी पंचेचाळीस वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झालेली वा थांबलेली आढळली. पुष्कळांचे वजन गरजेपेक्षा कमी झाले होते. शिवाय वनस्पतिजन्य अन्नात बी-१२ हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. म्हणून पूर्ण कच्चा आहार हा आपला मार्ग नव्हे. वाढत्या वयाची मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि अंगमेहनत करणारे कामगार यांनी तर त्या वाटेला जाऊच नये.

पुढील सूचना विशेष लक्षात ठेवाव्यात.

(अ) मधुमेह, रक्तदाब यांच्या गोळ्या कच्चा आहार सुरू केला म्हणून बंद करू नयेत. मधुमेही व्यक्तीने फळांचे रस टाळावेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्त गोठू नये म्हणून गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

(आ) सांडपाण्यावर वाढवलेल्या भाज्यांतून जंतू व जंतांची अंडी पोटात जातात. कच्ची खायची भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. शक्य तेथे साल काढावी.

(इ) मोड आलेली कडधान्ये लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना वाफवूनच द्यावीत. भिजवलेल्या शेंगदाण्यांत बुरशी लागलेला दाणा दिसला तर तो टाकावा.

६. वाटी कोणाच्या वाट्याला?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. याची कारणे अनेक आहेत, पण त्यातील एक कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. घरातील बाई शेवटी जेवते. काकडी, टोमॅटो, फळ यांचा नंबर पुरुष आणि मुलगे यांच्या ताटात लागतो, तिच्यापर्यंत पोहोचतो तो रस्सा. ज्या घरात नवरा कोशिंबिरीचा नेम पाळतो आणि ती चिरणाऱ्या बायकोच्या ताटात ती नसते, त्या घरात नेम झाला असे आम्ही मानणार नाही.

म्हणून आमच्या वर्गात आम्ही एक साधी पद्धत सुचविली. जितकी माणसे तितक्या वाट्या आधी भरून मांडायच्या, मग जेवण वाढायचे. एका ताईंनी पुढच्या आठवड्यात सांगितले, "पहिल्या दिवशी माझी वाटी तशीच राहिली, मला सुचलंच नाही. धाकटीनं आणून हातात दिली, म्हणाली, आई, ही तुझी." समतेची भाषणे पुष्कळ होतात. ती घरात अशी एखाद्या वाटीतून शिरते.

७. ध्येय आधी, वाटी नंतर

आता पाठाच्या मुख्य भागाकडे वळू. कच्चे अन्न हे साध्य नव्हे, ते साधन आहे. केवळ कोशिंबीर खाऊन कोणी स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण होत नाही. परंतु रोज ठरल्याप्रमाणे एक लहान गोष्ट करणाऱ्याचा स्वतःच्या शब्दावर विश्वास बसतो. 'मी ठरवले ते करतो' ही भावना हेच खरे भांडवल आहे. आम्ही बँकवाले लोक आवर्ती ठेवीचे महत्त्व जाणतो. एकदम मोठी रक्कम भरण्याची ऐपत नसलेला माणूसही दरमहा ठराविक हप्ता भरून मुदतीअखेर चांगली रक्कम उचलतो. त्यासाठी मोठा पगार नव्हे, न चुकता भरलेला हप्ता लागतो. निर्धाराचेही तसेच आहे.

ध्येय कसे धरून ठेवावे याचा आदर्श आपल्यापुढे आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पण येताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेतली होती. हे लक्षात घ्या. परिस्थितीने मागे ओढले, तरी त्यांनी ध्येयावर मुदत लिहून ठेवली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल डी.एस्सी. मिळवली.

लंडनमध्ये त्यांनी पाव, चहा आणि भाजलेले पापड यांवर दिवस काढले असे चरित्रकार सांगतात. आमचे काही विद्यार्थी हे वाचून उपाशी राहून अभ्यास करण्यात भूषण मानतात. ही समजूत चुकीची आहे. बाबासाहेबांची उपासमार ही त्यांची पद्धत नव्हती, ती त्यांच्यावरील परिस्थितीची सक्ती होती. आपण उपाशी राहू नये म्हणूनच त्यांनी ती सोसली. त्यांच्याकडून घ्यायची आहे ती त्यांची मुदत पाळण्याची सवय. विद्यार्थ्याने पोटभर, ताजे आणि वेळेवर जेवावे आणि मग अभ्यासाला बसावे.

८. नव्वद दिवसांचा पाठ

सवय लागायला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी जेवणाबरोबर फळ खाण्यासारखी एकेक लहान सवय निवडली होती. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. काहींना १८ दिवस पुरले, तर काहींच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले. आपला वर्षावास आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत सुमारे नव्वद दिवसांचा असतो. म्हणजे सवय लागण्यास लागणारा काळ आपल्या परंपरेतच आखून ठेवलेला आहे. तो असा वापरावा.

पहिले, आपले ध्येय एका वाक्यात वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. 'खूप अभ्यास करीन' हे ध्येय नव्हे. 'नव्वद दिवसांत अर्थशास्त्राचे हे पुस्तक पुरे करीन आणि प्रत्येक प्रकरणाची टिपणे काढीन' हे ध्येय आहे. गृहिणीने 'लिहायला-वाचायला शिकून बँकेची स्लिप स्वतः भरीन' असे लिहावे. तंबाखू खाणाऱ्याने शेवटच्या पुडीची तारीख लिहावी.

दुसरे, वाटीचा नेम ठरवावा. पहिल्या आठवड्यात एकाच जेवणात अर्धी वाटी, नंतर दोन्ही जेवणांत एकेक वाटी. पावसाळ्यात कच्च्या पालेभाज्या टाळाव्यात. साल काढलेली काकडी, गाजर, मुळा, केळे, पेरू यांवर भर द्यावा आणि मोड वाफवून घ्यावेत. हिवाळ्यात घोळाणा, पातीचा कांदा, बोरे, आवळे यांची चंगळ असतेच.

तिसरे, अडचण आधीच ओळखून तिचे उत्तर लिहून ठेवावे. 'जर दुपारी बाहेर जेवावे लागले, तर पिशवीत एक काकडी असेल.' 'जर रात्री दिवे गेले, तर पहाटे अर्धा तास आधी उठेन.' अशा 'जर-तर' पद्धतीने ठरवलेले काम अधिक वेळा पार पडते, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिले आहे.

चौथे, जेवणाचा पहिला घास कच्च्या अन्नाचा आणि जेवणानंतरचा पहिला अर्धा तास ध्येयाचा, अशी जोडी लावावी. त्या अर्ध्या तासात मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. एक खोलीचे घर असेल तर डब्यात ठेवावा.

पाचवे, वहीत दोन रकाने आखावेत, 'वाटी' आणि 'ध्येय'. रात्री झोपण्यापूर्वी दोन्हींत खूण करावी. बँकेत दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नाही. एक रुपयाचा फरक असला तरी शोधावा लागतो. तसाच आपला हिशेब आपण जुळवावा. खोटी खूण करू नये, कारण ही वही तपासायला कोणी अधिकारी येणार नाही.

सहावे, आपला 'सुदर्शन' निवडावा. मुलगा, बहीण, शेजारी, वर्गमित्र कोणीही चालेल. त्याने टोचून बोलायचे नाही, फक्त जेवताना आठवण द्यायची. राजाने शंभर कार्षापण दिले. आपण त्याच्याही ताटात एक वाटी ठेवावी म्हणजे झाले.

सातवे, दर पौर्णिमेला विहारात वह्या घेऊन बसावे. ज्याच्या खुणा कमी त्याला हसू नये. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावे. दोन दिवस मात्र लागोपाठ चुकू देऊ नयेत. दोन हप्ते थकले की तिसरा भरणे जड जाते, हा आमचा खात्यांचा अनुभव आहे.

नव्वद दिवसांनंतर तब्येतीत फरक पडेल, पडणारही नाही. पण ज्या स्त्री-पुरुषाच्या वहीत नव्वदपैकी ऐंशी खुणा असतील, त्याला पुढचा ठराव करताना आपण तो पाळू शकतो हे माहीत असेल. अशी पन्नास माणसे आपल्या वसाहतीत तयार झाली तर आपल्या सभांतील ठरावांना वजन येईल. संस्थेची खरी शक्ती तिच्या इमारतीत वा वर्गणीच्या पावतीपुस्तकात नसते, आपला शब्द पाळणाऱ्या सभासदांत असते.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. लाचारीने खाल्लेले कच्चे अन्न आणि निवडून खाल्लेले कच्चे अन्न यांत काय फरक आहे? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

२. महाड परिषदेतील आहारविषयक आवाहनामागे कोणते ध्येय होते?

३. प्रसेनजिताच्या कथेतील निर्धाराची तीन अंगे सांगा. आपल्या ध्येयाला ती कशी लागू पडतील?

४. कोणते पदार्थ कच्चे खावेत, कोणते शिजवूनच खावेत? आपल्या बाजारात मिळणाऱ्या प्रत्येकी पाच पदार्थांची यादी करा.

५. काल रात्री आपल्या घरात शेवटी कोण जेवले आणि त्या ताटात काय होते?